भाजलेले दाणे

३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझा पत्ता मला तुझ्याच पाकिटाच्या मागच्या बाजूवर मिळाला. उत्पादकाचा पूर्ण पत्ता छापलाच पाहिजे असा आमचा नियम आहे, नाहीतर तू आता कुठे राहतेस हे मला कोण सांगणार होतं? नियमांना तू कायम नावं ठेवलीस. बघ, कधीतरी कामाला येतात.

तर तुझा माल पोचला. बंदरावरच्या गोदामात खोके रचून ठेवले होते. मी नेहमीसारखा नमुने काढायला गेलो, पहिलं खोकं उघडलं, एक पाकीट हातात घेतलं आणि सवयीने आधी पाठ बघितली. लोक पाकिटाचं तोंड बघतात, आम्ही अन्न तपासणारे पाठ बघतो. उत्पादकाच्या जागी तुझं नाव. आधी वाटलं, नावासारखं नाव असेल कुणाचं. मग फोन नंबरखाली 'कृपया जेवणाच्या वेळी फोन करू नये' असं छापलेलं दिसलं. असं फक्त तूच छापू शकतेस.

पाकीट देखणं झालंय हो. अक्षरं हवी तेवढी मोठी आहेत, तारीख बोटाने घासली तरी पुसली जात नाही, वजन लिहिलंय तेवढंच भरतं. मला वाटलं होतं, तू कुठेतरी नोकरी करत असशील. खजुराचे बार करून समुद्रापार पाठवण्याइतकी मजल मारली असशील असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतोय.

मी पाकीट जागेवर ठेवलं, हातमोजे काढले आणि सरळ आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात. म्हटलं, हा माल माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे, मी त्याला हात लावणार नाही. नातेवाइकाचा माल आला तर लेखी कळवून बाजूला व्हायचं, हाही नियमच. तिथल्या तिथे लिहून दिलं. फाईल समोरच्या टेबलावर गेली. तिथे बसतो त्याला ऑफिसात सुसाट म्हणतात. का म्हणतात, ते त्याचा शिक्का खाली येताना बघितला की कळतं.

काल तुझा फोन आला होता. ऑपरेटरबाई म्हणाल्या, तुमची बहीण आहे म्हणतात, देऊ का? मी मान हलवून नाही म्हटलं. साहेब जागेवर नाहीत, असं त्यांनी तुला सांगितलं असेल. खरं म्हणजे मी त्यांच्या खुर्चीला टेकूनच उभा होतो. राग येईल तुला, येऊ दे. इतकी वर्षं एक फोन नाही, आणि माल गोदामात अडकलेला असताना नेमका फोन, याचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. दादाच्या ओळखीने माल चार दिवस आधी सुटेल असं तुला वाटलं असणार. मी तसला माणूस नाही, आणि हे तुझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत आहे?

आई गेली तेव्हाही मी मीच होतो. पोचलो तो तिसऱ्या दिवशी. भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरली होती. आईच्या उशाशी खोकल्याच्या औषधाची बाटली होती. मी ती उचलली, पाठ बघितली आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, याची तारीख उलटून गेलीये. तिला इतकी वर्षं सांभाळलंस तू, आणि घरात पाऊल टाकल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ते. तू म्हणालीस, "दादा, तू बाहेर हो." मी झालो. तेव्हापासून बाहेरच आहे.

पण तारीख उलटली होती, हे काही खोटं नव्हतं.

माल सुटला की कळवीन.

नियमाने वागणारा,
तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

सुटला तुझा माल. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आहे. बुरशी नाही, बुरशीचं विष नाही, ओलावा मर्यादेच्या आत. या ऋतूत समुद्रावरून आलेला खजूर इतका कोरडा राहिला, म्हणजे पाकिटाची शिवण तू पक्की केलीयेस. सुसाटने शिक्का मारला आणि मला लांबूनच अंगठा दाखवला. मी फाईलकडे ढुंकूनही बघितलं नाही. वागावं तर असं.

काल आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तुझी पाकिटं लागली. साबण आणि बिस्किटं यांच्या मधल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला. दुकानदाराला म्हटलं, हे द्या एक. तो म्हणाला, नवीन आलंय, चांगलं चाललंय. मला उगाचच सांगावंसं वाटलं की हे कुणी केलंय, पण नाही सांगितलं.

घरी येऊन उभ्या उभ्याच खाल्लं. गोडी बेताची आहे. मीठ तू मुद्दाम जास्त टाकतेस, आईचा हात आला तुझ्यात. आणि दाणे भाजलेत खमंग.

त्यावरूनच एक सांगायचं राहिलं. तुझ्या पाकिटावर घटक असे लिहिलेत: खजूर, भाजलेले दाणे, जवस, मध, मीठ. आता आपल्या घरी दाणे म्हणजे शेंगदाणेच. दुसरे कसले दाणे असतात हे मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. पण इथे भाषा आपलीच असली तरी तसं नाही. इथे दाणे म्हटलं की मका, बाजरी, गहू, कसलंही धान्य. शेंगदाण्याला हे लोक आख्खा शेंगदाणाच म्हणतात, एक अक्षर गाळत नाहीत. त्यातून तुझ्या चित्रकाराने तोंडावर दोन कणसं काढून ठेवलीत. कणसातला एक दाणा तरी आहे का गं आत?

शेंगदाण्याची ॲलर्जी असणारी माणसं असतात, म्हणून त्याचं नाव ठळक अक्षरांत लिहायचा नियम आहे. सुसाटच्या ते लक्षात आलं नाही. तो इथला. त्याने धान्य समजून पुढे ढकललं. कुठलं धान्य, एवढं तरी विचारायला हवं होतं त्याने, पण विचारलं तर तो सुसाट कसला.

पुढच्या छपाईत 'शेंगदाणे' असं लिही, ठळक कर, आणि ती कणसं काढ. लगेच कर. ऑफिसात मी अजून बोललो नाही. बाजूला होतो असं लिहून द्यायचं आणि मग मागून येऊन खोट काढायची, हे बरं दिसत नाही. लोक म्हणतील, बहिणीवर डूख धरून आहे. शिवाय आता बोललो तर दुकानादुकानातून माल परत बोलवायचा हुकूम निघेल, आणि तुझी ही पहिलीच खेप. सुसाटच्या कानावर घालीन सावकाश, एखाद दिवशी चहाच्या वेळी. आभाळ कोसळत नाही तोवर.

मीठ मात्र कमी करू नकोस.

दादा


१ मार्च

भिंगरे,

तुला ऑफिसचं पत्र मिळालंच असेल, पण त्यात काय झालं ते धड लिहीत नाहीत. म्हणून मी लिहितो.

एक शिवणकाम करणारी बाई आहे, आमच्या गल्लीपासून फार लांब नाही. तिची एकुलती एक मुलगी कॉलेजात आहे. मुलीला लहानपणापासून शेंगदाण्याची ॲलर्जी. बाईने उभा जन्म पाकिटांच्या पाठी वाचण्यात घालवलाय, माझ्यासारखाच. फरक एवढाच की मला त्याचा पगार मिळतो. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी ती वाचते, मग मुलीच्या हातात देते. तुझं पाकीटही तिने वाचलं. खजूर, दाणे, जवस, मध, मीठ. तोंडावर कणसं. तिने ते मुलीच्या पिशवीत घातलं.

मुलीने बसमध्ये खाल्लं. घसा सुजला, श्वास अडला. तसं काही झालं तर टोचायचं इंजेक्शन घरी कपाटात होतं, कारण इतक्या वर्षांत आईने कधी चूक होऊ दिली नव्हती. बसवाल्याने बस तशीच हॉस्पिटलला नेली, म्हणून ती पोचली तरी. आत्ता ती यंत्रावर आहे. डॉक्टर काहीच ठाम सांगत नाहीत.

हॉस्पिटलने पाकीट आमच्याकडे पाठवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, अर्धा खाल्लेला बार आणि वर तुझं नाव. सुसाट ते हातात घेऊन बसला होता. काल तो ते उलटसुलट करून पुन्हा पुन्हा वाचत होता. तो मला म्हणाला, यात शेंगदाणा कुठून आला रे? कागदोपत्री तर धान्य आहे.

मी उठलो आणि मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांना सांगितलं की आमच्याकडे दाणे म्हणजे शेंगदाणे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"दुकानातून आणून खाल्लं तेव्हा."

 मी दुकानातून पाकीट आणल्याला बरेच दिवस झाले होते, आणि ते त्यांना दुकानाच्या पावतीशिवायही कळलं असावं. दुपारपर्यंत माल परत बोलवायचा हुकूम निघाला. मी जे सावकाश करणार होतो ते तासाभरात झालं.

तू हे वाचशील तेव्हा तुला त्या मुलीचं काय झालं ते कळलेलं असेल. मला आत्ता माहीत नाही. कशात लक्ष लागत नाही. तुझंही तेच होत असणार. आपल्याला दोघांना एकाच वेळी एकच काळजी लागलीये, आणि त्यासाठी हे असं घडावं लागलं.

दादा


१४ मार्च

भिंगरे,

मुलगी वाचली. आधी तेच लिहितो. नळी काढली, बोलते, आवाज अजून घोगरा आहे. मी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलो. आत जायचा धीर झाला नाही. दारातून दिसलं, आई खाटेशेजारी बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत होती. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असणार. मी जिन्यानेच परत आलो.

मधले दिवस मी दुकानांतून पाकिटं गोळा करत फिरलो. ते माझं काम नव्हतं, पण मागून घेतलं. तुझा माल लोकांना आवडला होता, हे मला त्यात कळलं. एक म्हातारे दुकानदार पाकिटं परत देताना म्हणाले, पुन्हा कधी येणार? मी म्हटलं, सांगता येत नाही.

तुझ्या मालाची कागदपत्रं करणारा एजंट परवा गोदामात भेटला. त्याला मी चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, पाकिटावर काय लिहिलंय हे तुम्ही वाचत तरी होता का? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "साहेब, ताईंनीच मला विचारलं होतं. दाणे छापलंय ते तुमच्याकडे कळेल का, की वर शेंगदाणे चिकटवू? मी म्हटलं, मला शब्दांतलं कळत नाही, तुमचे भाऊच तिथे लेबलं तपासतात, त्यांना फोन करा."

म्हणजे तो फोन.

तुला माल लवकर सोडवून घ्यायचा नव्हता. तुला एक शब्द विचारायचा होता. इतक्या वर्षांचा अबोला मोडून तू मला फोन केलास, तो कुणाला इजा होऊ नये म्हणून, आणि मी ऑपरेटरबाईंच्या खुर्चीला टेकून सचोटीने उभा होतो. मी फोनवर आलो असतो तर 'शेंगदाणे लिही' एवढंच म्हणायचं होतं. माल गोदामात असेपर्यंत चुकीच्या शब्दावर नवी चिकटपट्टी लावायची मुभा असते. चार माणसं लावली असती तर एका दुपारचं काम. मी नाही भेटलो, मग ऑफिसनेच माल सोडला, तेव्हा हा शब्द इथे चालतो असंच तुला वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं.

आता ऐक. मी मोठ्या बाईंना खोटं सांगितलं, आणि तुलाही. मला दुकानात नाही कळलं. गोदामात पहिलं पाकीट हातात घेतलं तेव्हाच मी 'भाजलेले दाणे' वाचलं होतं. वाचल्या वाचल्या कळलं की आत शेंगदाणे आहेत आणि इथे कुणाला ते कळणार नाही. तुझं नाव त्यानंतर वाचलं. आणि मग मी हातमोजे काढून बाजूला व्हायला पळत सुटलो. नियम होता, ते खरंच. पण मला त्या नियमाची घाई का झाली होती, हे मी लिहून दिलं नाही. तुझ्या पाकिटातली खोट मला पुन्हा माझ्या तोंडाने सांगायची नव्हती. एकदा बाटलीची पाठ मोठ्याने वाचली आणि मला बहीण राहिली नाही. म्हणून या वेळी मनातल्या मनात वाचली. नको तिथे बोललो आणि हवं तिथे गप्प बसलो, दोन्ही वेळा समोर तूच होतीस.

नऊ एप्रिलला सुनावणी आहे. तुलाही बोलावलंय. नोटीस मी बघितली, तीत 'उत्पादकाने घटक दडवला' असं लिहिलंय. ते सिद्ध झालं तर तुझा परवाना कायमचा जाईल आणि वर फिर्यादही होईल. माल सुटण्याआधीच तपासणाऱ्या माणसाला घटक माहीत होता, हे पुढे आलं तर तो दडवला असं कुणाला म्हणता येणार नाही. ते फक्त मीच सांगू शकतो. सांगितलं की माझं काय होईल, ते मला नीट माहीत आहे; तसली प्रकरणं मीच टाईप करून वर पाठवलीत. सांगीन असं मी आज म्हणतोय. पण माझ्या म्हणण्यावर तू किती विश्वास ठेवावास, हे तुला आता माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दादा


९ एप्रिल

भिंगरे,

तू आत्ता विमानात असशील. आज दिवसभर आपण एका छताखाली होतो, तरी हे तुला लिहूनच सांगावं लागतंय.

तू आत आलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. केस कापलेस. चष्मा लागलाय. माझ्या डोळ्यांसमोर अजून तीच होती, आईच्या खोलीत दाराकडे बोट दाखवणारी. तू बाकाच्या त्या टोकाला बसलीस, मी या टोकाला, आणि मध्ये सुसाट. बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने घरून पाण्याची बाटली आणली होती, ती त्याने आधी तुला दिली. तेवढं तरी त्याला सुचलं.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच माझा तो कागद वाचून दाखवला. बाजूला होताना लिहून दिलेला. त्यात 'नात्याचा तपशील' असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं होतं, नाते आहे, संबंध नाहीत. लिहिताना मला ते फार चोख वाटलं होतं. भरल्या दालनात परक्या माणसाच्या आवाजात ते ऐकलं तेव्हा मी खाली बघितलं. तुझ्याकडे बघितलं नाही, त्यामुळे तुझा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. सुसाटला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, तुला विचारायला तोंड कसं रे होतं.

मग त्यांनी तुला विचारलं, मला विचारलं. तुझी उत्तरं सरळ होती. शेंगदाणे घातले, दाणे लिहिलं, आमच्याकडे तेच म्हणतात, शंका होती म्हणून फोन केला, साहेब जागेवर नव्हते. साहेब म्हणालीस. दादा नाही म्हणालीस. फोन घ्यायला मी शेजारीच उभा होतो हे तुला माझ्या पत्रातून कळलं होतं, तरी तू ते तिथे सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर तुझी बाजू बळकट झाली असती. 

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गोदाम, पहिलं पाकीट, फोन, मोठ्या बाईंना सांगितलेलं खोटं. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता. अध्यक्ष म्हणाले, "शब्दकोशात दाणे म्हणजे धान्याचे कण. तुम्ही ते वाचून शेंगदाणे कसं ओळखलंत?"

"आमच्या घरी शेंगदाण्यालाच दाणे म्हणतात."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?"

"हिच्या आणि माझ्या," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. बाकावर तुझी चुळबुळ ऐकू आली, पण मी वळलो नाही.

निकाल तू ऐकलासच. दडवल्याचा ठपका पुसला. परवाना कायमचा नाही गेला, पण दोन वर्षं तुझा माल इथे येणार नाही. दोन वर्षं कारखाना कशाच्या जोरावर चालवणार, असं तू त्या एजंटला हळू आवाजात म्हणत होतीस, ते मला ऐकू आलं. चार बाया कामाला आहेत म्हणालीस. तू कारखाना बंद करणार, हे मला तुझ्या मानेवरूनच कळलं. काही हरलीस की लहानपणापासून तू मान अशीच ताठ धरतेस. मला निलंबित केलंय, पुढची चौकशी होईल. सुसाटला ताकीद मिळाली. मला मिळालं ते माझ्या मापाचंच आहे. तुला मिळालं ते नाही. तुझी चूक एवढीच की तू विचारलंस आणि उत्तर द्यायला मी नव्हतो. हे मी जन्मभर घोकत बसलो तरी तुझी भट्टी पेटणार नाही.

आपण सगळे बाहेरच्या लांब व्हरांड्यात आलो. ती शिवणकाम करणारी बाई आत शेवटच्या रांगेत बसली होती, ते मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. मुलीला घेऊन आली नव्हती. ती चालत आपल्याकडे आली. तू भिंतीपाशी होतीस, मी खिडकीपाशी. ती येताना दिसली तसे आपण दोघंही पुढे झालो, आणि ती थांबली तेव्हा आपण शेजारी शेजारी उभे होतो. मुद्दाम नव्हे. जागाच तेवढी होती.

तू तिला म्हणालीस, "ताई, मी काय बोलू तुमच्याशी?" तुझा आवाज फुटला. 

तिने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी तिच्या बोटावर तशीच राहिली होती, काम टाकून आली असणार. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी ते तीनदा वाचलं हो. दुकानात वाचलं, घरी वाचलं, पिशवीत घालताना वाचलं." मग म्हणाली, "तुमच्या घरातला शब्द तुम्ही तुमच्या घरातच ठेवायचा होता."

आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

तू पिशवी उचललीस आणि माझ्याकडे न बघता निघालीस. एजंट तुझ्या मागोमाग धावला. मी तुला हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? दोन वर्षांनी तू पुन्हा बार करशील की नाही, मला पत्राचं उत्तर देशील की नाही, यातलं काही मागायचा हक्क मला उरलेला नाही, आणि मी मागतही नाही.

पण भिंगरे, ती बाई आपल्या दोघांना मिळून 'तुमच्या घरातला' म्हणाली. त्या घरातलं आता काय शिल्लक आहे? आई नाही, ती खोली नाही, आपण बोलत नाही. एक शब्द राहिला होता, आणि त्याने एका परक्या मुलीचा श्वास बंद पाडला. तरीसुद्धा, ती तसं म्हणाली तेव्हा, हे आमचं एक घर नाही, असं तू म्हणाली नाहीस. तिथेच उभी राहिलीस. मीही राहिलो.

दादा